सॉफ्टवेअरचं विरजण

समजा, १९८५च्या आसपासची एखादी कॅसेट हाती लागली. कव्हरवर बॉलपेननं कसलंसं इंग्रजी नाव, शेजारी ०४७ असा आकडा. गाणी असतील म्हणून टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि प्ले दाबलं. पाच सेकंद एकसुरी शिट्टी. मग क्षणभर खरखर. पुन्हा दोन सेकंद शिट्टी, आणि त्यापुढं सलग चार मिनिटं असा काही कर्कश कल्लोळ, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी 'बंद कर रे ते!' म्हणून ओरडलंच पाहिजे.

त्या कल्लोळात वीस गुहा आहेत. एक खाणकामगार आहे, तो उड्या मारतो, किल्ल्या गोळा करतो, हवा संपली की मरतो. पाठीमागं ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची धून वाजत असते, तीही त्याच कल्लोळात भरलेली. गेमचं नाव 'मॅनिक मायनर', साल १९८३, लिहिणारा मॅथ्यू स्मिथ नावाचा सतरा वर्षांचा इंग्लिश पोरगा. आणि हे सगळं ज्या यंत्रासाठी होतं ते झेडएक्स स्पेक्ट्रम: २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये जाहीर झालेला, रबरी बटणांचा घरगुती कॉम्प्युटर. किंमत १२५ पौंडांपासून पुढं. हार्ड डिस्क नाही, फ्लॉपी नाही, स्वतःचा पडदासुद्धा नाही. पडद्याला घरचा टीव्ही आणि साठवणीला घरचा टेपरेकॉर्डर.

आवाजात प्रोग्रॅम मावतो कसा, हे एकदा कळलं की मग त्या कर्कश आवाजाचा राग येत नाही. स्पेक्ट्रममधल्या झेड-८० प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देतं. शून्य लिहायचा असला की ८५५ ठोके आवाजाची पातळी वर, ८५५ ठोके खाली. एक लिहायचा असला की दोन्हींची लांबी दुप्पट, १७१० ठोके. एवढंच. म्हणजे शून्य ऐकू येतो साधारण २०४७ हर्ट्झला आणि एक येतो त्याच्या बरोबर निम्म्यावर, १०२३ हर्ट्झला. एक सप्तक खाली! अल्लादियाखाँसाहेब ज्या दरबारात गायले त्या कोल्हापूरला सप्तकाचा हिशोब वेगळा सांगायला नको. वरचा षड्ज म्हणजे शून्य, खालचा षड्ज म्हणजे एक, आणि या दोनच सुरांत अख्खी गुहा.

शून्य आणि एक सारखेच आले असं धरलं तर सेकंदाला सुमारे १३६५ बिट आत येतात. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

सुरुवातीची शिट्टी कशाला? तर कॉम्प्युटरला सावध करायला, की आता येतंय. पहिल्या खरखरीत फक्त सतरा अक्षरांएवढी माहिती असते: प्रकार कोणता, नाव काय, लांबी किती. नावाला दहाच जागा. मग पडद्यावर ते नाव उमटतं आणि पुढचा लांब कल्लोळ सुरू होतो. शेवटी एकच जादा बाइट येतो, तपासणीचा. आधीच्या सगळ्या बाइटांतल्या एकांची सम-विषम मोजणी त्यात असते. कॉम्प्युटर आपली मोजणी त्याच्याशी ताडून बघतो आणि एका जागी जरी फरक पडला तर सांगतो, 'आर टेप लोडिंग एरर'. कुठं चुकलं ते सांगत नाही, ते त्यालाही ठाऊक नसतं. चार मिनिटं श्वास धरून बसल्यावर हा निकाल. मग कॅसेट गुंडाळायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता कॅसेटच्या फितीकडं वळू, कारण खरा अचंबा तिथं आहे. फीत डोक्यासमोरून (हेडला आपल्याकडचे मिस्त्री हेडच म्हणायचे, आपणही तेच म्हणू) सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं सरकते. भागाकार करा: एक अख्खा शून्य त्या फितीवर सुमारे २३ मायक्रॉन जागा व्यापतो. डोक्याचा केस याच्या दुपटी-तिपटीनं जाड असतो. साध्या मोनो टेपरेकॉर्डरचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद. हेड जर फितीशी काटकोनात न बसता एकच अंश कलला, तर पट्ट्याची वरची कड आणि खालची कड यांत सुमारे २६ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे वरची कड एक बिट वाचत असते तेव्हा खालची त्याच्या पुढचा वाचत असते! गाण्यात हे कळतसुद्धा नाही. फार तर लताबाईंचा आवाज किंचित दबल्यासारखा वाटेल. पण कॉम्प्युटरला ते कळतं.

म्हणून त्या काळच्या हौशी मंडळींचं सगळ्यांत मोठं हत्यार होतं बारीक स्क्रूड्रायव्हर. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवायची, कान लावायचा आणि स्क्रू केसभर इकडं-तिकडं फिरवायचा. शिट्टी जिथं सर्वांत धारदार लागेल तिथं थांबायचं. एकाच्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर उचलत नसेल, तर दोष बहुतेक या कलण्याचा. आवाज पाऊणपट, ट्रेबल पूर्ण, बास शून्य, डॉल्बी असेल तर बंद: हे मंत्र जगभर तोंडातोंडी फिरले. कंपनीच्या पुस्तिकेत थोडं होतं. बाकीचं कुणीतरी आपल्या कॅसेटींचं वाटोळं करून शिकलेलं असायचं आणि दुसऱ्याला फुकट सांगून टाकायचं.

गेम चढत असताना बघत बसण्यातही मजा होती. पडद्याच्या कडेला पट्टे धावायचे: शिट्टी चालू असताना लाल आणि निळसर, मजकूर येताना निळे आणि पिवळे. हे पट्टे शोभेचे नव्हते, आत येणारे बिट तिथं प्रत्यक्ष दिसत होते. बहुतेक गेम आधी एक चित्र पाठवायचे. चित्राला ६१४४ बाइट लागत, पण ते वरून खाली सरळ भरत नसे. आधी पहिली ओळ, मग नववी, मग सतरावी. तिसरा हिस्सा असा विरळ भरला की फिरून दुसरी, दहावी, अठरावी. अक्षरं झरझर उमटवणं प्रोसेसरला सोपं जावं म्हणून केलेली ती मांडणी. अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ काळं-पांढरं चित्र असं उकलत जाई, आणि मग शेवटचे ७६८ बाइट येत, ते नुसत्या रंगांचे. चार-साडेचार सेकंदांत वरून खालपर्यंत सगळ्या चित्रावर रंग चढे. ज्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि एशियाडमुळं एसटीच्या निमआराम गाडीला नवं नाव मिळालं, त्याच १९८२ साली हे यंत्र जन्मलं होतं, हे ध्यानात घेतलं की त्या रंग चढण्याची जादू कळेल.

भारतात हे यंत्र आलं ते जकातीचं ओझं घेऊन. नोव्हेंबर १९८४ मध्ये सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, दार किलकिलं झालं. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं सुधारित 'स्पेक्ट्रम प्लस' इथं परवान्यानं काढला, नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. १९९० पर्यंत तो काही हजारांत खपला. १९८६च्या आधी जे आले ते परदेशातून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. आणि आणल्या-आणल्या पहिली अडचण टीव्हीचीच: ब्रिटिश स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६व्या चॅनलवर पाठवायचा, आपलं दूरदर्शन व्हीएचएफवर. ज्या टीव्हीला यूएचएफ नाही त्याच्यापुढं कॉम्प्युटर मुका. मग टीव्हीचा मिस्त्री गाठायचा. कोल्हापूरसारख्या गावात कॉम्प्युटरवाल्याचा पहिला सल्लागार कॉम्प्युटर कधीच न बघितलेला माणूस असायचा.

पण कोल्हापूरला याची सवय जुनी. खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो उगाच नाही. बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी सिनेमाचा कॅमेरा इथं घडवला आणि १९२०चा 'सैरंध्री' या गावात उभा राहिला. परदेशी यंत्र परवडत नसेल तर ते समजून घ्यायचं आणि आपलं करायचं, ही उद्यमनगरची तर रोजची भाषा. नाद खुळा म्हणतात तो हाच.

हाच नाद स्पेक्ट्रमच्याच सुमारास युगोस्लाव्हियातही दिसला. तिथंही आयातीवर बंधनं. १९८३ मध्ये वोया अँटोनिच नावाच्या हौशी अभियंत्यानं असा कॉम्प्युटर आखला की पडद्यावरचं चित्र काढायला वेगळी महागडी चिप लागूच नये, तेही काम झेड-८०नंच करावं. नाव 'गॅलाक्सिया'. आराखडा मासिकाच्या विशेषांकात छापून टाकला, ज्याला हवा त्यानं बनवावा. हजारो लोकांनी बनवला. पुढचा भाग तर आणखी अचाट. बेलग्रेड रेडिओवर झोरान मोडली या निवेदकाच्या कार्यक्रमात त्याचे प्रोग्रॅम प्रसारित होऊ लागले. प्रोग्रॅमविषयी माहिती नव्हे हो, प्रोग्रॅमच! निवेदक सांगायचा, रेकॉर्डर तयार ठेवा. मग रेडिओवर तो कर्कश आवाज सुरू. श्रोते टेप करून घेत, कॉम्प्युटरला जोडत, आणि प्रोग्रॅम चालू होई. हॉलंडच्या रेडिओनंही हेच केलं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना समजेल अशी 'बेसिकोड' नावाची एक सामायिक बोली त्यासाठी तयार करून घेतली.

एक-दोन हजार हर्ट्झचा आवाज मध्यम लहरींवरून सहज जातो. तांत्रिकदृष्ट्या आकाशवाणी सांगलीलाही हे जमलं असतं. भक्तिगीतं संपली, बाजारभाव सुरू व्हायचेत, आणि मधेच चार मिनिटं ते! कोल्हापूर-सांगलीच्या श्रोत्यांनी केंद्राला काय काय लिहून पाठवलं असतं, कल्पनाच करवत नाही.

आता कॉपीचं. दोन कॅसेटींचा डेक घरी असेल तर गेमची नक्कल काढणं गाण्याच्या नकलेइतकंच सोपं. पण नकलेची नक्कल, तिची नक्कल असं करत गेलं की आवाजाच्या कडा झिजतात, खरखर वाढते, वेग डळमळतो. चौथ्या-पाचव्या पिढीला 'आर टेप लोडिंग एरर' ठरलेला. गाण्याचंही हेच होतं. पण प्रोग्रॅमला एक दुसरी वाट आहे, गाण्याला नाही. झिजलेली कॅसेट कशीबशी एकदा कॉम्प्युटरमध्ये चढली की झालं. कॉम्प्युटर सूर ऐकत नाही, दोन उलथापालथींमधला वेळ मोजतो. वेळ ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर शून्य, पलीकडं असेल तर एक. ८५५च्या जागी ९४० आले काय आणि ८०० आले काय, त्याच्या लेखी शून्यच. आणि मग 'सेव्ह' म्हटलं की तो पुन्हा मोजून ८५५ ठोक्यांचाच शून्य लिहितो, नवाकोरा! पिढ्यांची सगळी झीज एका फटक्यात पुसली जाते. शंभरावी प्रत पहिलीइतकीच तरुण.

हे विरजणासारखं आहे. शेजारणीला चमचाभर दिलं म्हणून आपलं दही कमी पडत नाही, आणि तिच्याकडं लागलेलं दही आपल्याइतकंच घट्ट. कुणाचं विरजण कुठून आलं, मुळात पहिलं कुणी लावलं, हे कुणी विचारत नाही.

कंपन्यांना अर्थातच हे बघवेना. त्यांनी ठरावीक साच्यात न बसणारे आवाज वापरायला सुरुवात केली, म्हणजे साधं लोड-सेव्ह चालू नये. मग लोक पुन्हा डेकवरून नकला काढू लागले आणि झीज परत आली. 'मॅनिक मायनर'चा पुढचा भाग 'जेट सेट विली' १९८४ मध्ये आला, तेव्हा सोबत रंगीत चौकोनांचं एक कार्ड होतं. गेम सुरू होताना विचारायचा, अमुक घरात कुठले रंग आहेत? रंग चुकले की खेळ बंद. झेरॉक्स तेव्हा काळी-पांढरी, त्यामुळं कार्डाची नक्कल निघेना. काय करावं? रंगीत पेन्सिली! नाहीतर तो प्रश्न विचारणारा भागच प्रोग्रॅममधून निकामी करून टाकणं.

हे निकामी करण्याचं शास्त्र 'पोक' नावानं चालायचं. मेमरीतल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो. पोक म्हणजे त्या क्रमांकाच्या घरात आपल्या हातानं आकडा ठेवणं. 'मॅनिक मायनर'साठीचा पोक ३५१३६, ० हा जगभरच्या पोरांना फोन नंबरासारखा पाठ होता. त्या घरात एक सूचना बसलेली: 'एक जीव वजा कर'. तिथं शून्य ठेवला, तर झेड-८०च्या भाषेत शून्याचा अर्थ 'काहीही करू नकोस'. विली, म्हणजे तो खाणकामगार, मरतो, यंत्र जीव वजा करायच्या जागी येतं, काहीच न करता पुढं जातं. अमरत्व एका शून्यात. आणि हे शोधून काढणारा कुणी कंपनीतला नव्हता. हजारो आकड्यांचा ढिगारा ओळीनं उलगडत बसलेला कुणी हौशी होता.

'जेट सेट विली'त तर गंमतच झाली. पोटमाळ्याच्या खोलीत एकदा गेलं की दुसऱ्याच काही खोल्या बिघडायच्या आणि खेळ पूर्ण करणंच अशक्य व्हायचं. कंपनीनं आधी सांगितलं, हा खेळाचाच भाग आहे! पण खेळ पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्याला बक्षीस लावलेलं. लोकांनी आत शिरून दोष हुडकले. शेवटी दुरुस्तीचे पोक मासिकांत छापून आले. विकलेल्या कॅसेटी परत बोलावता येत नाहीत, पण चार ओळी वाचून लाखो घरांत दुरुस्ती करता येते. आज फोन रात्री झोपेत करून टाकतो ते 'अपडेट' तेव्हा माणसं बोटांनी करत होती.

कव्हरवरच्या त्या ०४७चा अर्थही सांगून टाकतो. तो टेपरेकॉर्डरच्या काउंटरचा आकडा, गेम कुठून सुरू होतो त्याचा. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला सहा-सात गेम बसत. पण एका कंपनीच्या रेकॉर्डरचा काउंटर दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. म्हणून मित्राकडून आलेल्या कॅसेटवर जुने आकडे खोडून नवे लिहिलेले असायचे, कधी तीन-तीन थरांत.

आपल्या लोकांनी या यंत्राशी एक खास खेळ करण्यासारखा होता. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरं वापरणाऱ्याला स्वतः काढता येत. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं, आठ ओळींचे आठ आकडे. 'न' काढायचाय? २५५, २, २, १२६, ९८, २, २, ०. पहिला आकडा बघा: २५५, म्हणजे आठही ठिपके पेटलेले. ती शिरोरेघ! देवनागरीतल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराची सुरुवात २५५नं होणार. आणि पडद्यावर अक्षरांची घरं एकमेकांना चिकटून असल्यामुळं 'न' शेजारी 'न' ठेवला की रेघ आपोआप जोडली जाते, अखंड. इंग्रजांनी रोमन लिपीसाठी केलेल्या चौकटीत शिरोरेघ अशी अलगद बसते हे कळल्यावर मी वहीत आणखी पाच-सहा अक्षरं आखून बघितली. मात्र २१ जागांत मराठी मावत नाही, आणि उकारासाठी खालची सबंध ओळ मोडावी लागते. तरी आपलं नाव टीव्हीवर मराठीत आणण्यापुरत्या २१ जागा बऱ्याच झाल्या.

शाळांमध्ये आला तो वेगळा कॉम्प्युटर, ब्रिटनचाच 'बीबीसी मायक्रो'. केंद्र सरकारची 'क्लास' योजना १९८४-८५ मध्ये २५० शाळांपासून सुरू झाली. पुढं सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं हेच यंत्र 'युनिकॉर्न' नावानं इथं काढलं. कॅसेटच्या बाबतीत तो स्पेक्ट्रमहून शहाणा: मजकूर २५६ बाइटांच्या तुकड्यांत लिहायचा आणि एखादा तुकडा चुकला तर तेवढीच फीत मागं घ्यायला सांगायचा.

वाटून घेण्याविषयी कायदा काय म्हणत होता? १९८४च्या दुरुस्तीनं भारतीय कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमही आले, आणि गंमत अशी की ते 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत 'मॅनिक मायनर' आणि 'ययाति' एकाच कपाटात. खांडेकरांच्या गावाला हे आवडलं असतं का कोण जाणे. अमेरिकेत हा वाद आधीच पेटून गेला होता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब भरू लागला. कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिलेलं 'बेसिक' नावाचं सॉफ्टवेअर तिथं फुकट वाटलं गेलं, दंडक एवढाच सांगतात की एक पट्टी न्याल तर दोन करून परत आणा. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्या 'बेसिक'च्या एका लेखकानं हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून विचारलं, की तुम्ही बहुतेक जण चोरी करताय, मग आम्ही चांगलं सॉफ्टवेअर लिहायचं कशाला? लेखकाचं नाव बिल गेट्स. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. पण ती पट्टी अशी फिरली नसती तर त्याचं 'बेसिक' इतक्या यंत्रांवर इतक्या लवकर पोचलं असतं का, हा प्रश्न त्यानं पत्रात विचारला नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता कॅसेट गेली, पीसी आला, आणि फ्लॉपी. सव्वापाच इंची, ३६० केबीची, वाकवली तर मेली अशी. पुणे-कोल्हापूर एसटीनं सहा तास धरू. दहा फ्लॉप्यांचा एक डबा बॅगेत. दहा फ्लॉप्यांवरचे बिट भागिले सहा तासांचे सेकंद: उत्तर सेकंदाला १३६५ बिट. बरोबर स्पेक्ट्रमच्या कॅसेटचा वेग! मी सहा तास धरले म्हणून जमलं, साडेसहा धरले असते तर बिनसलं असतं, तरीही हा भागाकार मला भयंकर आवडतो. स्वारगेटहून निघालेली लाल गाडी कात्रज चढत असताना मनातल्या मनात कोल्हापूरच्या दिशेनं सेकंदाला १३६५ शून्य-एक सोडते आहे. असे दोन डबे घेतले की सेकंदाला २४०० बिटांचे मोडेमही मागं. आणि मोडेमला चालू फोन लागायचा.

विरजणाचं एक असतं: बिघडलेलं असेल तर तेही तितक्याच इमानानं पसरतं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीवरून जगभर गेला. जून १९९० मध्ये भारतात आणखी एक सापडला, आणि त्याचं नाव ऐकून मराठी माणसाला हसू आवरणार नाही: 'जोशी'. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि पडद्यावर मागणी करायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलंत की सोडून द्यायचा. खंडणी म्हणून शुभेच्छा! लपण्याची तऱ्हाही बेरकी: फ्लॉपीवर नेहमीच्या ४० ट्रॅकांच्या पलीकडं एक जादा ट्रॅक आखून तो तिथं बस्तान मांडायचा, आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं तरी मेमरीत टिकून राहायचा. मेन स्विच बंद करणं एवढाच उपाय.

हा जोशी स्वतःच्या पायानं कुठंच जात नव्हता. त्याला इंटरनेट नव्हतं, ईमेल नव्हती. फ्लॉपी एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातली आणि ती आतच ठेवून यंत्र सुरू केलं, तरच तो पुढं सरकणार. तरी तो देशाबाहेर पोचला आणि पुढची काही वर्षं जगातल्या फार पसरलेल्या व्हायरसांत मोजला गेला. त्याची प्रत्येक उडी म्हणजे कुणीतरी कुणालातरी फ्लॉपी दिल्याची नोंद.

या नोंदींवर एक धंदा उभा राहिला, तोही याच पट्ट्यात. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर दहावीपर्यंत शिकलेले, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. मग दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले. यंत्र ठीक असायचं, बिघाड व्हायरसचा. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. गिऱ्हाइकांच्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी त्यांनी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले, ते एकत्र करून नव्वदच्या दशकाच्या मध्याला 'क्विक हील' निघालं, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. सुरुवातीला हे औषधही फ्लॉपीवरूनच गावोगाव गेलं, म्हणजे ज्या वाटेनं जोशी गेला त्याच वाटेनं.

मे १९९५ मध्ये कॉपीराइट कायद्याची कडक दुरुस्ती अमलात आली. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाराही आता गुन्हेगार. आणि पुढच्याच वर्षी 'पीसी क्वेस्ट' मासिकानं अंकासोबत एक सीडी दिली, तिच्यावर लिनक्स. त्याच्या परवान्यात लिहिलेलं, की हे कुणालाही द्या, उघडून बघा, बदला, बदललेलंही पुढं द्या. फक्त पुढच्यालाही हीच मुभा ठेवा. होमब्रूवाल्यांचा एक-नेऊन-दोन-आणाचा दंडक आता वकिली भाषेत पक्का झाला होता. पुण्या-मुंबईत लिनक्सवाल्यांचे गट जमू लागले, त्यांतूनच पुढं पडद्यावर धड मराठी दिसावी म्हणून फुकट राबणारी माणसं निघाली. २१ अक्षरांची अडचण तोवर संपली होती, जोडाक्षरांची नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलनं मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सुरू केलं, वेग सेकंदाला ९६०० बिट. कोल्हापूरहून जोडायचं तर वर मुंबईच्या एसटीडीचं बिल. लिनक्सची ती एक सीडी ६५० एमबीची. पुण्याहून एसटीनं आणली तर सहा तासांच्या हिशोबानं वेग पडतो सेकंदाला अडीच लाख बिट, इंटरनेटच्या सव्वीसपट. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली ती वीस मिनिटं धरूनच.